मदत हवी आहे: जपानचा रेल्वे पास घेऊ की नको? आज रात्रीच ठरवायचं आहे

नवखा_धरमपेठ
आईला घेऊन जपानला जाणार आहो. दोघांचीही पहिलीच परदेशवारी. सात दिवसांचा रेल्वे पास घ्यायचा की नाही, एवढंच सांगा. चार दिवसांपासून व्हिडिओ बघून डोकं उठलं. व्हिसा, हॉटेल झालेलं आहे, त्यावर सल्ले नकोत.

तर्रीपोहे
डोळे झाकून घे भाऊ. आम्ही 2019 ला गेलो होतो. टोकियो, क्योटो, हिरोशिमा, परत टोकियो. पास पुरता वसूल झाला.

हिशेबी_मावशी
2019 चे भाव आता कुठले! तेव्हा पास 30,000 येनच्या आत होता. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे 50,000 झाले. नवखा, कोणती शहरं? उतरता कुठे, परत कुठून?

व्हिसागुरू
व्हिसासाठी बँकेच्या खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम टाकू नका, लगेच लक्षात येते. रोजचा कार्यक्रम तारखेनिशी लिहून द्या.

नवखा_धरमपेठ
व्हिसा झाला हो काका, वरच लिहिलं आहे. शहरं नेहमीचीच, सगळे जातात तीच.

हिशेबी_मावशी
सगळे कुठे जातात ते मला काय माहीत? मी गल्लीतल्या शेजाऱ्यांना विचारून सांगू का?

बर्डीचा_बंड्या
आई शाकाहारी असेल तर उपासमार होईल. साध्या सूपमध्येसुद्धा दाशी, म्हणजे माशाचा अर्क असते. भाजणी न्या, छोटी विजेची शेगडी न्या.

तर्रीपोहे
शेगडी काहून? तिथे वीज 100 व्होल्टची. आपली शेगडी नुसती कोमट होते. आमच्या वहिनीने मिक्सर नेला होता, तसाच परत आणला.

बर्डीचा_बंड्या
मग तिथलीच घ्या. हॉटेलात भात तरी शिजवता येते.

हिशेबी_मावशी
हॉटेलच्या खोलीत शेगडी चालत नाही. आणि आई शाकाहारी आहे असं कोणी सांगितलं?

नवखा_धरमपेठ
आई सावजी खाते. मासळी तर तिला रोज चालते. पासचं सांगा ना राजेहो!

बरं, सगळंच लिहितो. टोकियोला चार रात्री, त्यातच एक दिवस कामाकुरा. मग क्योटो तीन, हिरोशिमा एक, शेवटी ओसाका, तिथूनच परतीचं विमान. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात. आम्ही कामठीचे. 1999 ला तिथे जपानी मदतीने ड्रॅगन पॅलेस हे बुद्ध विहार झालं तेव्हापासून आईच्या डोक्यात जपान आहे. दीक्षाभूमीवर एका जपानी बाईने तिला कागदाचा बगळा करून दिला होता. तो देवळीतल्या फोटोच्या काचेत खोचलेला आहे, एक पंख पिवळा पडला. कामाकुराचा मोठा बुद्ध बघायचा, हा तिचा एकच हट्ट. म्हणून विचारून राहिलो.

कामठीकर
अरे आपलाच माणूस! आणि आपले नागपूरचे बौद्ध भिक्खू सुरई ससाई भंते मूळचे जपानचेच, हे नव्या पोरांना ठाऊकच नसते. आमच्या लहानपणी...

हिशेबी_मावशी
भंतेजींचं वेगळ्या धाग्यात लिहा, मी येते वाचायला. आता हिशेब. टोकियो ते क्योटो साधारण 14,000 येन. क्योटो ते हिरोशिमा साडेअकरा, हिरोशिमा ते ओसाका साडेदहा. झाले 36,000. कामाकुराचं जाणं-येणं साधारण दोन हजार. बेरीज 50,000 च्या खालीच राहते. ओसाकाहून परतणार हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच उत्तरात संपलं असतं. पास नको.

शिवाय नोझोमी ही सगळ्यात जलद गाडी पासवर जास्तीचे पैसे भरूनच मिळते. सुटं तिकीट असेल तर सरळ नोझोमीत बसा, क्योटोला सव्वादोन तासांत. शहरातल्या लोकलसाठी सुईका कार्ड घ्या.

तर्रीपोहे
परत टोकियोला आले असते तर हिशेब बदलला असता हं.

हिशेबी_मावशी
येत नाहीयेत ना. आणि आले असते तरी 50 हजारांच्या जरासाच वर गेला असता.

सोनेगाव_नाका
नागपूर-दिल्ली आणि पुढचं विमान एकाच तिकिटावर आहे का?

नवखा_धरमपेठ
वेगवेगळं. काहून?

सोनेगाव_नाका
मग दिल्लीत बॅगा स्वतः उतरवून पुन्हा द्यायच्या. नागपूरच्या विमानात बहुतेक 15 किलोच चालतात, जास्तीचे पैसे पडतात. मधे चार-पाच तास ठेवा, आईचे गुडघे बघता व्हीलचेअर आधीच सांगा. बुलेट ट्रेनमध्ये बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीच्या वर गेली तर जागा वेगळी आरक्षित करावी लागते. सर्दीच्या गोळ्या नेताना नाव तपासा, स्यूडोएफेड्रिन जास्त असलेल्या तिथे चालत नाहीत. आणि संत्री नेऊ नका, ताजी फळं काढून घेतात. बर्फी न्या.

कामठीकर
हिरोशिमाला अणुबॉम्बमुळे गेलेल्या मुलांच्या स्मारकापाशी लोक कागदी बगळे ठेवतात. आईने तिथे तो ठेवला तर?

नवखा_धरमपेठ
विचारलं. म्हणाली, तो माझा आहे, परत घेऊन येईन. पास घेत नाही. मावशी, धन्यवाद.

व्हिसागुरू
विमानाच्या तिकिटाचे किती पडले?