टोपीवर चिकटवलेलं आउटसर्ट दुसऱ्या दिवशी सुटतंय: ग्लू बदलायचा की कागद?

पॅकिंगशिफ्ट_गोवा:
अमेरिकेला जाणारा माल. १०० गोळ्यांची एचडीपीई बाटली, ३८ मिमी नेक, चाइल्ड रेझिस्टंट टोपी. कार्टन नाही, त्यामुळे माहितीपत्रकाचं आउटसर्ट, म्हणजे घडी घालून बंद केलेला गठ्ठा, टोपीच्या माथ्यावरच चिकटवतो. उघडा कागद ४२० × ५९५ मिमी, ४० जीएसएम (चौरस मीटरला ४० ग्रॅम), घडी ३५ × ३५ मिमी. हॉटमेल्टचे (वितळवून लावायच्या ग्लूचे) दोन ठिपके, टाकीचं तापमान १६० अंश, वेग मिनिटाला ६० बाटल्या.

लाइनवर सगळं नीट दिसतं. सेन्सर पास, हाताने ढकललं तरी हलत नाही. दुसऱ्या दिवशी शिपर (बाहेरचा मोठा खोका) उघडला की २४ पैकी दोन-तीन आउटसर्ट बाटल्यांच्या फटीत पडलेली असतात. ग्लूचे ठिपके वाढवून चार केले. आता जी चिकटतात ती ओढल्यावर पहिलं पान फाटतं, आणि जी सुटायची ती सुटतातच. टोप्यांच्या काही खोक्यांत त्रास आहे, काहींत अजिबात नाही. जून लागल्यापासून प्रमाण वाढलंय. प्रिंटर म्हणतो ग्लू बदला, ग्लूवाला म्हणतो कागद बदला. सुरुवात कुठून करू?

हॉटमेल्ट_मेंटेनन्स:
ग्लू वाढवणं आधी थांबवा. सुटलेली दहा आउटसर्ट घ्या, ती ज्या टोप्यांवरून पडली त्या टोप्याही शोधा आणि ठिपका कुठे राहिलाय ते भिंगातून बघा. तो पुढचं सगळं सांगतो.

ठिपका पूर्ण कागदावर आणि टोपी काचेसारखी स्वच्छ: टोपीच्या पृष्ठभागाने ग्लू धरलाच नाही. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, मधे तारा: ग्लू स्वतःच तुटला, म्हणजे तो टाकीत तासन्‌तास तापून जळालाय किंवा त्या तापमानाला फार मऊ आहे. ठिपका टोपीवर आणि त्यावर कागदाचे तंतू: पकड कागदापेक्षा जास्त झाली. ठिपका टोपीवर, पण वरून गुळगुळीत, एकही तंतू नाही: कागद टेकायच्या आधीच ठिपका थंड पडला, किंवा कागदावर धूळ आहे.

खोक्यागणिक फरक पडतो म्हणताय, त्यामुळे माझा पहिला संशय टोपीवर. टोपी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. त्याची पृष्ठऊर्जा मुळातच कमी, ३० डाइनच्या (पृष्ठऊर्जेचं माप) आसपास. शिवाय टोपी फिरवायला सोपी जावी म्हणून प्लास्टिकमध्ये स्लिप एजंट घालतात, एरुकामाइड किंवा ओलिअमाइड. हे मेणासारखं द्रव्य मोल्डिंगनंतर दिवसागणिक, आठवड्यागणिक हळूहळू वर येऊन बसतं. म्हणून ताजी टोपी चिकटते आणि स्टोअरला दोन महिने पडलेली टोपी चिकटत नाही. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. काळ्या कापडावर माथा जोरात घासून बघा, कधीकधी पांढुरका पट्टा उठतो.

चाचणी सोपी आहे. त्रास देणाऱ्या खोक्यातल्या वीस टोप्या घ्या. दहांचे माथे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन मिनिटं वाळू द्या, दहा तशाच ठेवा. त्याच मशीनवर, त्याच ग्लूने चिकटवून बाटल्या २४ तास उलट्या टांगा. पुसलेल्या टिकल्या आणि न पुसलेल्या पडल्या, तर ग्लू आणि कागद दोघेही निर्दोष, दोषी टोपी.

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. या टोप्यांच्या माथ्यावर 'दाबून फिरवा' अशी उठावाची अक्षरं आणि बाण असतात. ठिपका अक्षरावर पडला तर कागद फक्त त्या उंचवट्यावर टेकतो, बाकी पोकळ. नॉझल सरकवून ठिपके सपाट जागेवर आणा. आणि आउटसर्ट बसवायचं ठिकाण रिटॉर्करच्या (टोपी पुन्हा घट्ट करणाऱ्या मशीनच्या) नंतरच हवं. आधी असेल तर टोपी पुन्हा घट्ट करताना जी पिळ बसते ती थेट ग्लूच्या सांध्यावर जाते.

घडीकाम:
टोपीचं बरोबर आहे, पण कागदाला इतक्या लवकर सोडू नका. त्यांचं आउटसर्ट आतून स्प्रिंगसारखं दाबतंय.

हिशेब करा. ५९५ भागिले ३५ म्हणजे १७, ४२० भागिले ३५ म्हणजे १२. एकूण २०४ पानं एकावर एक. ४० जीएसएमचा कागद साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे पूर्ण दाबलेली जाडीच १०.२ मिमी. मोकळं सोडल्यावर ते १३-१४ व्हायला बघतं. शेवटची घडी बंद ठेवणारा ग्लू जरा ढिला असेल तर गठ्ठा टोपीवर बसल्या बसल्या फुगतो, कडा वर उचलतो आणि खालच्या पानाला टोपीवरून सोलत नेतो. हे काम तासांचं आहे, म्हणून लाइनवर दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी दिसतं.

तपासायला ट्रेमधली दहा आउटसर्ट काढा, जाडी मोजा, टेबलावर मोकळी ठेवा, २४ तासांनी पुन्हा मोजा. फरक मोठा असेल तर प्रिंटरला विचारा: गठ्ठे दाबाखाली किती वेळ ठेवता, बंद करणारा ग्लू किती जागी आहे, आणि कागदाचे तंतू कोणत्या दिशेला आहेत. पहिल्या घड्या एकेरी कागदावर पडतात, त्या तंतूंच्या आडव्या गेल्या तरी चालतं. पुढच्या घड्या डझनभर थरांच्या जाड पट्टीवर पडतात. तिथे घडीची रेषा तंतूंना समांतर हवी, नाहीतर घडी बसत नाही, उसळते.

आता पावसाळा. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. दमट स्टोअरमधला पुठ्ठ्याचा खोका थेट एसी हॉलमध्ये आणून लगेच फोडला की कडा आधी वाळतात, आकसतात आणि गठ्ठा वाटीसारखा वळतो. वळलेलं आउटसर्ट टोपीवर चार कोपऱ्यांवर उभं राहतं, मधल्या ठिपक्यांना नीट भेटतच नाही. खोके न फोडता, श्रिंकसकट, निदान २४ तास हॉलमध्ये ठेवा आणि तासाभराला लागतील तेवढीच पाकिटं उघडा. इतकं केलं तरी फीडरने एकदम दोन आउटसर्ट उचलणं बरंच कमी होतं.

मापाबद्दलही बोलायला हवं. ३५ च्या चौकोनाचा कर्ण साडेएकोणपन्नास मिमी. तुमच्या टोपीचा माथा ४० धरला तर प्रत्येक कोपरा पावणेपाच मिमी बाहेर लोंबतो. गाइड रेल आणि शिपरमधले पुठ्ठ्याचे कप्पे तिथेच अडकतात. कोपरे आत बसवायला २८ ची घडी करावी लागेल, पण मग पानं तीनशेच्या वर जातात आणि जाडी १५ मिमी ओलांडते. त्या उंचीचं आउटसर्ट धक्क्याने आणखी लवकर कलंडतं. त्यामुळे घडी ३५ च ठेवा, रेल वर-खाली करून कोपऱ्यांना जागा द्या आणि शिपरची आतली उंची पुन्हा मोजा. झाकणाचा दाब आउटसर्टवर येत असेल तर वाहतुकीत ती एकेक करून निसटणारच.

पॅकिंगशिफ्ट_गोवा:
दोघांचे आभार. टोप्यांची चाचणी झाली. पुसलेल्या दहापैकी दहा टिकल्या. न पुसलेल्या दहापैकी चार पडल्या, चारही ठिकाणी ठिपका कागदावर. आउटसर्टची जाडी २४ तासांत ११ वरून साडेबारावर गेली, पण ती सगळ्याच लॉटमध्ये तेवढीच आहे. म्हणजे मुख्य दोष टोपीचा. पण रोजच्या उत्पादनात टोप्या पुसत तर बसता येणार नाही. टोपीवाल्याला स्लिप एजंट काढायलाच सांगू का?

हॉटमेल्ट_मेंटेनन्स:
सरसकट काढायला सांगू नका. स्लिप कमी झाला की टोपी लावण्याचा आणि उघडण्याचा टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) दोन्ही बदलतात. चाइल्ड रेझिस्टंट टोपीत हे फार नाजूक आहे: वयस्कर माणसाला बाटली उघडता आली पाहिजे. बदल करायचाच तर चेंज कंट्रोल (बदलाची औपचारिक मंजुरी), नवा टॉर्क अभ्यास, इंडक्शन सीलची (बाटलीच्या तोंडावरच्या फॉइलची) तपासणी हे सगळं ओघाने आलं.

आधी स्वस्त गोष्टी करा. टोप्या मोल्डिंगच्या तारखेनुसार वापरा, जुन्या आधी, आणि स्टोअरमध्ये वय वाढू देऊ नका. ग्लूचा प्रकार तपासा. कार्टनच्या झडपा चिकटवायचा साधा ईव्हीए हॉटमेल्ट या कामाला नको. तो थंड झाला की कडक होतो आणि पॉलिप्रॉपिलीनवरून टिचकीसरशी उडतो. रबर बेसचा, कायम थोडा चिकट राहणारा प्रेशर सेन्सिटिव्ह हॉटमेल्ट मागा आणि टोपीचा नमुना देऊन त्यावरच पकड दाखवायला सांगा. ठिपके पुन्हा दोनावर आणा, पण प्रत्येकी ३ ते ४ मिमी रुंद, चपटे. उंच ठिपक्यापेक्षा चपटा ठिपका चांगला, कारण पकड क्षेत्रफळावर अवलंबून असते. लावल्यानंतर स्पंजच्या पट्ट्याखाली निदान एक-दोन सेकंद दाब हवाच. नुसतं वरून टेकवून पुढे पाठवलं तर कोणताही ग्लू हरतो. एसीचा झोत ग्लूच्या डोक्यावर येत नाही ना, तेही पाहा. एवढासा ठिपका वाऱ्याने क्षणात थंड होतो.

एवढं करूनही जुन्या टोप्या सुटत असतील तर आउटसर्टच्या आधी माथ्यावर प्लाझ्मा किंवा कोरोनाचं (विजेच्या झोताने पृष्ठऊर्जा वाढवणारं) छोटं डोकं बसवा. डाइन पेनने मोजा: माथा ३८ पर्यंत गेला की फरक स्पष्ट दिसतो. प्रक्रिया केल्यावर लगेच चिकटवायचं, कारण स्लिप पुन्हा वर येतो.

लेबलखोली_क्यूए:
एक मोठी गोष्ट अजून कोणी बोललं नाही. सुटलेलं आउटसर्ट म्हणजे दिसण्यातला दोष नव्हे. ते लेबलिंग आहे. ते नसलेली बाटली अमेरिकेत मिसब्रँडेड (कायद्याने सदोष लेबलिंगची) ठरते. तुमचा सेन्सर आउटसर्ट लावल्या क्षणी बघतो, रात्री पडलेलं त्याला दिसत नाही. दोष आटोक्यात येईपर्यंत प्रत्येक बॅचचे शिपर २४ तासांनी उघडून तपासा, तोवर माल सोडू नका.

खाली पडलेली आउटसर्ट उचलून हाताने परत लावायची नाहीत, हे लाइनवरच्या प्रत्येकाला सांगा. मोजा, नष्ट करा, बीपीआरमध्ये (बॅचच्या उत्पादन नोंदीत) लिहा. घेतलेली, वापरलेली, नमुन्याला गेलेली, नष्ट केलेली आणि परत केलेली यांची बेरीज जुळली पाहिजे.

कोड. अमेरिकेच्या २१ सीएफआर २११.१२२ या नियमातली कापलेल्या लेबलिंगची खास तपासणी आता बाटलीचं लेबल आणि कार्टन यांच्यापुरतीच आहे, पण चुकीचं आउटसर्ट पकडायला शंभर टक्के इलेक्ट्रॉनिक तपासणी तरीही ठेवा. मिनिटाला ६० वर नजरेवर विसंबू नका. फार्माकोड (औषधाच्या पॅकिंगवरचा रेघांचा कोड) वरच्या, बाहेरून दिसणाऱ्या पानावर छापा. त्याची बारीक रेघ ०.५ मिमी, जाड रेघ १.५ मिमी, मधली फट १ मिमी. हा कोड उलट्या दिशेने वाचला की वेगळाच आकडा येतो, म्हणून मॅगझिनमध्ये आउटसर्ट उलटं भरलं तर रीडर पकडतो. पण दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा आकडा निवडला तर ही सोय जाते. नवीन आकडा देताना हे नक्की पाहा.

शिफ्टच्या सुरुवातीला, मधे ठरलेल्या अंतराने आणि शेवटी चार आव्हानं द्या: आउटसर्ट नसलेली बाटली, चुकीच्या कोडचं आउटसर्ट, उलटं आउटसर्ट, कोड पुसट केलेलं. चारही बाटल्या रिजेक्ट पेटीत पडल्या की नाही ते हाताने मोजा. नुसता दिवा लागला म्हणजे बाटली बाहेर पडली असं नाही.

आणि तुमच्या प्रश्नातल्या त्या फाटणाऱ्या पहिल्या पानाबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. टोपीला लागणारं पान पूर्ण कोरं ठेवायला आर्टवर्कमध्ये सांगा. ३५ × ३५ चं एक पान मजकुराला कमी पडलं तरी चालेल. बॉक्स्ड वॉर्निंगची (चौकटीतल्या सर्वांत गंभीर इशाऱ्याची) पहिली ओळ ग्लूबरोबर सोलून गेली तर माहितीपत्रक असून नसल्यासारखं आहे.

औषधभांडार:
थोडं वेगळं विचारते. अक्षर इतकं बारीक का असतं? आणि आपल्याकडच्या बाटल्यांवर असं काही का नसतं?

लेबलखोली_क्यूए:
अमेरिकेत औषधाच्या पॅकसोबत जाणाऱ्या प्रिस्क्रायबिंग माहितीला किमान ६ पॉइंट चालतात, कारण ती मुख्यतः डॉक्टर आणि फार्मासिस्टसाठी असते. रुग्णाला द्यायची मेडिकेशन गाइड किमान १० पॉइंटची लागते. एकाच कागदावर दोन्ही छापत असाल तर कागद मोठा होण्याचं कारण हेच. गाइड पुरेशा प्रतींत देण्याची किंवा ती छापून देण्याची साधनं पुरवण्याची जबाबदारी उत्पादकाची असते.

युरोपात निर्देश २००१/८३/ईसी प्रमाणे सगळी माहिती बाहेरच्या किंवा आतल्या वेष्टनावरच मावली नाही तर पॅकमध्ये पत्रक हवंच, आणि वाचनीयतेच्या मार्गदर्शिकेत ९ पॉइंट अक्षर आणि ३ मिमी ओळअंतर सांगितलंय. तिथे बहुतेक माल कार्टनमध्ये जातो, त्यामुळे पत्रक कार्टनरवरच आत घातलं जातं आणि चिकटवण्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमांच्या शेड्यूल एच-२ मधल्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड आला. पण त्यात नाव, उत्पादक, बॅच, तारखा, परवाना क्रमांक असं असतं. गोळी कशी घ्यायची आणि कधी थांबवायची हे नसतं. त्या कोडला माहितीपत्रक समजू नका. रुग्णाला त्याच्या भाषेत, हातात धरून वाचता येईल असा कागद मिळायला हवा, आणि तो मिळत नाही तोवर काउंटरवर तुम्ही जे सांगता तेच त्याचं माहितीपत्रक आहे.

पॅकिंगशिफ्ट_गोवा:
कोऱ्या पानाचं आर्टवर्क प्रिंटरकडे पाठवतोय. रबर बेसच्या हॉटमेल्टचे दोन नमुने मागवलेत. सर्वांत जुन्या तारखेच्या टोप्यांवर दोन्ही लावून ४० अंश आणि ५ अंशांना २४ तास उलटे टांगतो आणि आकडे इथेच टाकतो.

हॉटमेल्ट_मेंटेनन्स:
४० अंशाचा नमुना बाहेर काढल्यावर लगेच ओढू नका, आधी खोलीच्या तापमानाला तासभर ठेवा. आणि नॉझल साफ करूनच चाचणी घ्या. जळालेल्या ग्लूचा काळा कण अडकलेला असेल तर दोन ठिपक्यांपैकी एकच पडतो आणि दोष नव्या ग्लूवर येतो.