मदत हवी आहे : आप्पांच्या पहाटेच्या वेदना आवरत नाहीत (चोपडा तालुका)

तापीकाठ : माझ्या वडिलांना तोंडाचा कर्करोग आहे. यापुढे केमो न देता घरीच वेदनाशमनावर भर द्यावा, असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितल्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी आम्ही त्यांना गावी आणले. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची गोळी चालू असूनही पहाटे त्यांचे कण्हणे ऐकवत नाही. तालुक्यातील एकाही औषध दुकानात ही गोळी मिळत नाही आणि आमच्याकडे आठवडाभरापुरत्याच उरल्या आहेत. ती जळगावला किंवा धुळ्याला कोठे मिळेल, एवढेच कृपया लवकर सांगावे.

गिरणामाई : दादा, गोळी किती वेळाने देता आणि आप्पा ती गिळू शकतात का, हे सांगितल्याशिवाय पहाटेच्या वेदनांबद्दल काहीच बोलता येणार नाही.

सातपुडा७ : मॉर्फिनची सवय लागते, म्हणून आम्ही सासऱ्यांना ते दिलेच नाही. त्याऐवजी फेंटानिल या वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा ७२ तासांचा पॅच लावला. तुम्हीही तोच मागावा.

गिरणामाई : सवयीच्या या भीतीपायी आम्ही माझ्या आईला शेवटचे दोन महिने तळमळत ठेवले, त्याची खंत आजही जात नाही. फेंटानिल हेही त्याच जातीचे औषध आहे. शिवाय उष्णतेने पॅचमधील औषध शरीरात अधिक वेगाने शिरते, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुचवू नये.

एरंडोलकर : महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे तयार ठेवावीत, आम्हाला शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा फार आधार झाला.

तापीकाठ : शस्त्रक्रियेचा प्रश्न आता उरलेला नाही. तोंड उघडत नसल्याने दहा दिवसांपूर्वी येथील डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. गोळी कुटून, पाण्यात कालवून, सकाळ-संध्याकाळ नळीतून देतो. त्यानंतर ते दोन-तीन तास गुंगीत असतात. पाच दिवसांत शौचास झालेली नाही, पण पोटात अन्नच फारसे जात नाही. गोळी कोठे मिळेल, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

निवृत्त_परिचारिका : भाऊ, आधी गोळीचे पाकीट पाहा. दिवसातून दोनदा द्यायची मॉर्फिनची गोळी बहुधा हळूहळू विरघळणारी असते आणि ती कधीही कुटायची नसते, कारण कुटल्यावर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते, माणूस गुंगीत जातो, श्वास मंदावण्याचाही धोका असतो, आणि पुढची मात्रा येण्याआधीच वेदना परत येतात. साधी गोळी मात्र कुटून नळीतून देता येते, पण ती साधारण दर चार तासांनी द्यावी लागते. मात्रा स्वतः बदलू नका, आत्ताच मुंबईला फोन करा. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे त्यासोबत रेचक हवे, तेही विचारा. प्रत्येक मात्रेची वेळ आणि त्यानंतरची वेदना वहीत लिहीत जा.

आता गोळीविषयी सांगते. २०१४ मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले, पण गावातील दुकानदार ते ठेवत नाहीत. मूळ चिठ्ठी व डिस्चार्ज कार्ड घेऊन जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तुम्ही एकटेच जाऊन चौकशी करा, आप्पांना उन्हात नेऊ नका. नळीच्या देखरेखीसाठी आशाताईंमार्फत उपकेंद्रात कळवा, कारण आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या (उपकेंद्रांना आता हेच नाव आहे) बारा सेवांत उपशामक, म्हणजे वेदना व त्रास कमी करणारी, सेवाही धरलेली आहे.

सातपुडा७ : कुटण्याबद्दलची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. सवयीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

तापीकाठ : पाकिटावर बारीक अक्षरांत ‘एसआर’ असे लिहिलेले आहे, म्हणजे ही हळूहळू विरघळणारीच गोळी आहे. नळी घातल्याचे आम्ही मुंबईला कळवलेच नव्हते. डॉक्टरांनी कुटणे ताबडतोब थांबवायला सांगितले, साध्या गोळीची आणि रेचकाची चिठ्ठी पाठवली आणि आज रात्रीपुरते चोपड्याच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलले. उद्या पहिल्या एसटीने मी जळगावला निघतो. वही आईकडे दिली आहे, तिने रात्री दहाची नोंद केली आहे.