रोड टाउनहून बाथ्स, कूपर, नॉर्मन एका दिवसात: मार्ग कसा आखावा?

दर्यासारंग_३८: जानेवारीत ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला ३८ फुटी शिडाची होडी भाड्याने घेतोय. चौघे आहोत, दोघांना होडी हाकता येते, शिकलो मुंबई बंदरात. सकाळी रोड टाउनहून निघून नॉर्मन आयलंड, मग कूपर, शेवटी व्हर्जिन गोर्डा बेटावरचे बाथ्स (प्रचंड खडकांचा किनारा), आणि संध्याकाळी परत. जमेल का? बोयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) होडी बांधायची सवय नाही, तेही सांगा.

नाखवा: क्रम उलटा करा आणि नॉर्मन दुसऱ्या दिवसावर टाका. तिथे वारा पूर्वेचा. बाथ्स रोड टाउनच्या पूर्वेला साडेनऊ सागरी मैलांवर, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. दुपारी दमल्यावर ते अंतर नागमोडी कापत बसलात तर अंधार होईल, आणि भाड्याच्या करारात रात्री होडी हाकायला बहुधा मनाईच असते. त्यापेक्षा साडेसातला निघा, जाताना इंजिनाची मदत घ्या, साडेनऊपर्यंत पोचाल. बोये भरायच्या आत पोचणं फार महत्त्वाचं. तिथून कूपर ५ मैल, कूपरहून रोड टाउन ६. हे दोन्ही टप्पे वारा पाठीशी किंवा बाजूला घेऊन निव्वळ शिडावर होतात, आणि खरी मजा त्यातच आहे.

जानेवारीत वारा २० नॉटच्या (ताशी २० सागरी मैलांच्या) वर सहज जातो. मोठं शीड धक्क्यावरून निघण्याआधीच एका टप्प्याने आखूड करा. खाडीच्या मधोमध, लाटांत ते करायला जाल तर दुप्पट वेळ जाईल.

बाथ्सला आधी किनाऱ्यावरचं निशाण बघा. लाल असेल तर पाण्यात उतरू नका. उत्तर अटलांटिकच्या वादळांच्या लाटा स्वच्छ उन्हातही तिथे येऊन आपटतात. डिंगी (होडीमागे ओढायची छोटी नाव) वाळूवर नेता येत नाही. बाहेरच्या दोराला बांधून पोहत जायचं, म्हणून पैसे-फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी हवीच.

खारा_वारा: बोयाचं सांगतो. दिवसभरासाठी लाल बोया. निळे डिंग्यांचे, पिवळे डायव्हिंगच्या धंद्याच्या होड्यांचे. हे बोये सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क्स ट्रस्टचा परवाना घेतलाय ना, ते होडीवाल्याला आधीच विचारा.

बोयाकडे वाऱ्याच्या तोंडानेच जायचं. शेवटच्या तीन-चार मीटरांत सुकाणूवरच्याला बोया दिसत नाही, म्हणून नाळेवरच्याने (होडीच्या पुढच्या टोकाला उभ्या असलेल्याने) हुकाची काठी सतत बोयाकडे रोखून धरावी. दोर दोन घ्या. डाव्या क्लीटवरचा (दोर अडकवायच्या खुंटीवरचा) दोर बोयाच्या फासातून ओवून परत डाव्याच क्लीटला, उजवा उजव्याला. एकच दोर डावीकडून उजवीकडे नेलात तर होडी झुलताना तो फासात करवतीसारखा घासतो आणि तुटतो. आणि इंजिन मागे घेण्याआधी डिंगीचा दोर आखूड करा! सैल दोर पंख्यात गुंडाळला की त्या दिवसाचा प्रवास संपला.

दर्यासारंग_३८: क्रम बदलला. खडकांचं काय? मुंबईत भरती-ओहोटी बघूनच निघायची सवय आहे.

नाखवा: तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे प्रवाळावर होडी बसली तर भरतीने सुटणार नाही. पाण्याचा रंग वाचा: गडद निळं खोल, फिरोजी म्हणजे खाली वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. हा फरक ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच कळतो, म्हणून सकाळी पूर्वेकडे जाताना किनाऱ्यापासून लांब राहा आणि पोलराइज्ड चष्मा लावा.

आणखी एक, मुंबईच्या सवयीने हमखास चुकतं ते. बंदरात शिरताना आपल्याकडे वाट दाखवणारा लाल बोया (होडी बांधायचा नव्हे) डाव्या हाताला ठेवतात, कॅरिबियनमध्ये उजव्या. सुकाणूपाशी चिठ्ठी चिकटवून ठेवा.