'अकाउंट हॅक झालं' याला मराठीत काय म्हणायचं?

मुळाक्षर: ज्येष्ठ नागरिक संघासाठी सायबर सुरक्षेचं पत्रक मराठीत करतोय, आणि 'हॅक'पाशी अडलोय. "माझं फेसबुक हॅक झालंय, माझ्या नावाने रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका, पैसे पाठवू नका" हा मजकूर सगळ्यांनी वाचलाय. त्यातलं खातं बहुतेक वेळा हॅक झालेलं नसतंच. कुणीतरी नाव आणि फोटो उचलून दुसरं खातं उघडलेलं असतं. लोक पासवर्ड बदलून निर्धास्त होतात आणि बनावट खातं तसंच चालू राहतं. उपाय वेगळे, तर शब्दही वेगळे हवेत. संपादक म्हणतात, 'हॅक'च ठेवा, सगळ्यांना कळतं.

बखरवाचक: कळतं कुठे? तुम्हीच सांगताय की चुकीचं कळतं. दुसऱ्या प्रकाराला शब्द तयार आहे: तोतया. १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे सुखनिधान नावाचा माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. १७७६ साली कोकणातले किल्ले घेण्यापर्यंत त्याची मजल गेली, त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली. त्याच्याकडे भाऊंचं फक्त नाव आणि रूप होतं. 'तोतया खातं' नेमकं तेच सांगतं.

कलमदान: कायद्याच्या मराठीतही हाच शब्द आहे. २०२४पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचं कलम ४१६ म्हणजे 'तोतयेगिरी करून ठकवणूक' होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी संगणकाच्या आधारे केलेल्या अशाच फसवणुकीबद्दल आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. याच कायद्याखालच्या २०२१च्या मूळ नियमांत तोतयेगिरीच्या तक्रारीवर कारवाईसाठी समाजमाध्यम कंपनीला २४ तास दिले होते. म्हणून तक्रारीत 'हॅक' लिहू नका. त्याने तक्रार भलत्याच रांगेत जाते.

सहाआकडी: पत्रकात हे घालाच. तोतया खात्यासाठी: त्या खात्यावरची तीन टिंबं, रिपोर्ट, मग नक्कल केल्याचा पर्याय. अडचण अशी की तोतयाने तुम्हाला आधीच ब्लॉक केलेलं असतं, त्यामुळे शोधून ते खातं तुम्हाला दिसतच नाही. ज्याला रिक्वेस्ट आली त्या मित्रालाच रिपोर्ट करायला सांगा. स्वतःची मित्रयादी 'ओन्ली मी' करा, कारण तोतया माणसं त्या यादीतूनच उचलतो.

खातं खरंच हातचं गेलं असेल, समजा व्हॉट्सअ‍ॅप, तर आपल्या फोनवर नंबर पुन्हा नोंदवा. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड टाकला की पलीकडचा बाहेर पडतो. त्याने मध्येच दुहेरी पडताळणीचा पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तेवढे दिवस तोही आत नसतो. परत आत आल्यावर 'लिंक्ड डिव्हायसेस', म्हणजे खातं आणखी कुठे जोडलंय ती यादी, पाहा. आणि कुरिअरवाला म्हणून कुणी \*४०१\* लावून पुढे एखादा मोबाइल नंबर दाबायला सांगितलं, तर दाबू नका. त्याने तुमचे कॉल त्या नंबरावर वळतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कोड तो कॉलवर ऐकून घेतो. दाबून झालं असेल तर लगेच ##००२# लावा, वळवलेले सगळे कॉल रद्द होतात.

स्वभाषा: रिपोर्ट, ब्लॉक, लिंक्ड... एवढं इंग्रजी कशाला? 'दिनांक', 'महापौर' सावरकरांनी दिले तेव्हाही लोक नाकं मुरडत होते, आज कुणाला ते परके वाटत नाहीत. पहिल्या प्रकाराला 'खातेहरण' म्हणा. फिशिंगला, म्हणजे खोटा संदेश पाठवून पासवर्ड काढून घेण्याला, 'गळ' आहेच, गळाला लागणं कुणाला समजावावं लागत नाही.

सहाआकडी: 'गळ' छान आहे, घ्या. पण घाबरलेला माणूस पडद्यावर 'रिपोर्ट' हीच अक्षरं शोधणार. तिथे भाषांतर केलंत तर त्याचं बोट अडेल.

स्वभाषा: मग फोनची भाषा मराठी करायला शिकवा. फेसबुक मराठीत चालतं.

काठावरची: 'खातेहरण' वाचून मला सीताहरण आठवतं. 'खात्यावर कब्जा' म्हणा, जागेवरचा कब्जा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तोतयापेक्षा 'भामटा' जास्त बोलीतला नाही का?

कलमदान: 'भामटा' नको. राजपूत भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जमात आहे. १८७१च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२मध्ये गेला, पण शब्द शिवी म्हणून राहिला. सरकारी पैशातून छापायच्या पत्रकात तर अजिबात नको.

काठावरची: बोलणाऱ्याच्या मनात जात नसते. उद्या 'ठग'ही काढणार का?

कलमदान: ज्यांच्या दाखल्यावर ते नाव लिहिलेलं आहे, त्यांच्या मनात असते.

मुळाक्षर: पत्रक सरकारी नाही, संघाचं आहे. आणि 'कब्जा'चं अजून कुणी नक्की केलं नाही. कब्जा की हरण?

स्वभाषा: कब्जा अरबी.

सहाआकडी: पैसे गेले असतील तर १९३०चा फोन पत्रकात सगळ्यात वर, ठळक घाला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) आणि वेळ हाताशी ठेवायला सांगा, तिथे आधी तेच विचारतात.

काठावरची: 'तोतया खातं' म्हणायचं की 'तोतयं खातं'? तोतया पुल्लिंगी आहे.

बखरवाचक: 'तोतया'च. वर्तमानपत्रं 'तोतया पोलीस' छापतात, बाई असली तरी 'तोतया महिला पोलीस'च छापतात. तो शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही.

स्वभाषा: वर्तमानपत्रांवरून व्याकरण ठरवायचं का?