काळपट सागवानी चौकटी, भिंतीला रंग कोणता?

कसब्यातली सून
सोलापुरात उत्तर कसब्यात आमचं जुनं माळवदाचं घर. माजघरातली दारं, चौकटी, तुळया सगळं सागवान. पॉलिशवर पॉलिश चढून आता चहाच्या चोथ्यासारखं झालंय. त्याला हात लावायचा नाही. सासूबाईंचा शब्द, "लाकडाला ब्रश लागला तर मी माहेरी." (वय ७८!) गेल्या दिवाळीत भिंतींना झगझगीत पांढरा दिला, तो पार फसला. प्रत्येक चौकट पेपरातल्या निधनवार्तेसारखी दिसते. खिडकी एकच, पश्चिमेची. काय द्यावं?

ब्रशवाला
सांगतो की ताई. पांढऱ्यातही झाक असते. तुमचा निळसर असणार, तो तांबूस लाकडाशेजारी भांडतो. पिवळसर झाकेचा घ्या, ताकासारखा. पण शेडकार्डावर भरवसा नको, बोटभर तुकडा वेगळा आणि भिंत वेगळी. छोटे डबे आणून चौकटीला लागून दोन बाय दोन फूट रंगवा, दोन हात. सकाळी बघा, दुपारी चारला बघा, रात्री दिवा लावून बघा. आणि मे महिन्यात भर दुपारी रंगकाम काढू नका. ४० च्या वर पारा गेला की रंग ब्रशखालीच वाळतो, पट्टे उठतात.
भिंत मातीची आहे का? असेल तर प्लास्टिक पेंट विसरा. ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुनाच बरा, त्यात रंग कालवता येतो.

जुळे सोलापूर
आम्ही फिका हिरवा दिला, वाळत आलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा. हिरव्याशेजारी सागवानाचा तांबडेपणा खुलतो. फक्त दुकानातल्या ट्यूबखाली निवडू नका. घरी पिवळ्या बल्बखाली आमचा पहिला हिरवा मेंदीच्या पातेल्यासारखा दिसला.

कसब्यातली सून
भिंती पांढरीच्या मातीच्याच निघाल्या. खाली कोपऱ्यात नखाने खरवडलं तर दिवाळीचा रंग सालीसारखा सुटून आला, मागे दमट माती. म्हणजे चुनाच. तीन नमुने लावले. राखाडी रंग लाकडाशेजारी चक्क जांभळट दिसला, तो बाद. हिरवा मला आवडला, पण उन्हं कलली की खोली विहिरीसारखी अंधारते. ताकाचा रंग चारच्या उन्हात जरा पिवळा होतो, तेवढं चालेल. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "हां, आता दार दारासारखं दिसतंय."
ब्रशवाले दादा, चुन्यात पिवळी माती किती घालायची? आणि आधी हा प्लास्टिक रंग सगळा खरवडून काढावा लागेल ना?

ब्रशवाला
सगळा खरवडा, त्यावर चुना धरत नाही. माती चिमटीचिमटीने घाला, प्रत्येक वेळी भिंतीवर वाळवून बघा. ओला चुना गडद दिसतो, वाळला की पुष्कळ उतरतो.