कोकणातले लहान अंगण आणि कुंड्यांतली हिरवाई : आपले अनुभव लिहा

रत्नागिरी (धागाकर्ती)
आमच्या घरापुढे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधून काढलेली बारा फूट बाय आठ फुटांची जागा आहे. एका कडेला तुळशीवृंदावन, दुसऱ्या कडेला स्कूटर, आणि मधे जे उरते त्याला आम्ही अंगण म्हणतो. गेल्या वर्षी हौसेने आणलेले सहा गुलाब जुलैअखेर मुळे कुजून गेले. जमीन उकरून झाड लावणे शक्य नाही, त्यामुळे जे काही करायचे ते कुंड्यांतच. अशी जागा ज्यांनी सजवली आहे, त्यांनी काय जगले आणि काय मेले, हे दोन्ही लिहावे.

वेंगुर्ला
समुद्र आमच्यापासून दोनशे पावलांवर आहे. पहिल्या वर्षी मी क्रोटन आणि शोभेचे ताड पश्चिमेच्या गडग्यालगत मांडले आणि महिन्याभरात खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या पानांच्या कडा करपल्या. आता त्या बाजूला बोगनवेल, पांढरा चाफा आणि सदाफुली अशी वारा सोसणारी मंडळी उभी आहेत, आणि त्यांच्या आडोशाला अबोली आहे. टांगत्या कुंड्यांचा नाद मात्र मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर सोडला.

दापोली
ताई, तुमचे गुलाब पावसाने नव्हे, बहुधा कुंडीत साचलेल्या पाण्याने मेले असावेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि नुसती लाल माती भरलेली कुंडी त्यात चिखलाचा गोळा होऊन बसते. मी माती, शेणखत आणि काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणात घेतो आणि वर दोन ओंजळी नदीची वाळू घालतो. (समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून एकदा वापरली होती, मिठाने मोगरा गेला.) तळाला खापऱ्यांचा थर देण्याची जुनी पद्धत मी सोडून दिली आहे, कारण पाणी त्या थराच्या वरच अडून राहते आणि मुळांना मिळणारी माती तेवढी कमी होते. त्यापेक्षा कुंडी चिऱ्याच्या तीन तुकड्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे खालचे छिद्र फरशीला चिकटत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या मी जूनच्या आधीच काढून ठेवतो, कारण डेंग्यूच्या डासाला तेवढे साचलेले पाणी पुरते.

अलिबाग
पागोळ्या पडतात त्या रेषेवर कर्दळ आणि अळू लावावे. अळू काही शोभेचे झाड नव्हे, असे आमच्या सासूबाई अजून म्हणतात, आणि पहिली पाने खुडायलाही त्याच येतात.

गुहागर
जागा कमी असेल तर उभी वापरावी. पडवीच्या खांबाला मी नारळाची सोडणे सुंभाने घट्ट बांधली आणि त्यांच्या खाचांत नेचे खोचले. सोडणे ओल धरून ठेवतात, शिवाय ती फुकटची. त्यातल्याच एका सोडणावर सीतेची वेणी आहे. वादळात परसातल्या आंब्याची फांदी मोडून पडली, तिच्यावर हे ऑर्किड होते. दोन वर्षे नुसती जाड, पट्ट्यासारखी पाने. तिसऱ्या मे महिन्यात मात्र पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके असलेला वीतभर घोस खाली लोंबला, आणि पोस्टमनदेखील थांबून पाहून गेला. जंगलातून कोणी ते ओरबाडून आणू नये, एवढे मात्र सांगतो.

रत्नागिरी (धागाकर्ती)
सर्वांचे आभार. दापोलीच्या दादांचे वाचून आज उरलेल्या कुंड्या चिऱ्यांवर चढवल्या. जास्वंदीची कुंडी तिरकी करून काडीने छिद्र मोकळे केले, तर वाटीभर काळे, कुबट पाणी फरशीवर आले. पागोळ्यांखाली अळू लावले आहे. पश्चिमेला बोगनवेल आणायची आहे, पण त्यासाठी आधी स्कूटर हलवावी लागेल, आणि त्याला घरातून अजून मंजुरी नाही.