सुधारणाऱ्या गोल्फरने फरगिव्हिंग आयर्न घ्यावेत की ब्लेडवरच हात बसवावा?

तापीकाठ (जळगाव):
आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब (गोल्फच्या काठ्या). त्यात ब्लेड म्हणजे बारीक, भरीव पाठीचे, नि फरगिव्हिंग म्हणजे चुकलेला फटकाही सांभाळून घेणारे. एका जुन्या खेळाडूचा सल्ला ऐकला: "शिकायचंय तर ब्लेडच घे. चुकलास की हाताला झिणझिण्या येतील, आपोआप सुधारशील." मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडचा माणूस सवड मिळाली की पुण्याला येरवड्याच्या कोर्सवर जातो, एरवी गच्चीवर जाळी नि मॅट. त्याचा चेंडू दर वेळी फेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मधोमध लागणार कसा? कॅव्हिटी बॅकमध्ये, म्हणजे पोकळ पाठीच्या फरगिव्हिंग आयर्नमध्ये, पाठीचं लोखंड काढून कडेला, टाचेकडे (दांडीच्या बाजूला) नि टोकाकडे दिलेलं असतं. म्हणून चेंडू अर्धा इंच बाजूला लागला तरी क्लबचं डोकं कमी वळतं आणि अंतर फारसं घटत नाही. वजन खाली असल्याने चेंडू उचललाही लवकर जातो. एवढी मदत असताना नाही का म्हणायचं?

भुसावळ_लाइन:
कारण ती मदत चूक झाकते. टोकाला लागला काय नि मध्ये लागला काय, हाताला सारखंच वाटत असेल तर माणूस सुधारणार कशावरून?
आणि त्या लांब अंतराचं गौडबंगाल सांगा की. नंबर लहान तसा फेस उभा नि चेंडू लांब. हल्लीच्या अशा सेटमधल्या ७ नंबरचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) २८ ते ३० अंशांचा असतो, ब्लेडचा ३४-३५ अंशांचा. म्हणजे जवळपास ६ नंबरच्या, कधी त्याहून उभ्या, लोखंडावर ७ छापलाय. मग गडी गावभर सांगत फिरतो, "माझा सात नंबर किती लांब जातो बघा!"

तापीकाठ:
चूक बघायला झिणझिण्याच कशाला हव्यात? फेसवर साधी टाल्कम पावडर मारा. चेंडूचा गोल ठसा उमटतो. पाच-सात फटके मारले की ठसे टाचेकडे जमतात की टोकाकडे, डोळ्यांनी दिसतं. हाताला फार तर "कुठेतरी चुकलं" एवढं कळतं.
आणि हे डिझाइन फक्त नवशिक्यांसाठी आहे असंही नाही. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. त्याने १९५९ मध्ये वजन दोन्ही टोकांना दिलेला पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवायचा क्लब) बनवला, पुढे तेच तत्त्व आयर्नमध्ये आणलं. त्याच्याच पिंग कंपनीचे 'आय टू' आयर्न घेऊन मार्क कॅल्कावेकियाने १९८९ ची ब्रिटिश ओपन जिंकली.

भुसावळ_लाइन:
कॅल्कावेकियाच्या हातात आमच्या दारची खराट्याची दांडी दिली तरी तो आपल्याला हरवेल. ते उदाहरण इथे चालत नाही.

पांझराकाठचा_भाऊ (धुळे):
भो, मन्हं आयक. दोघं फेसवर भांडताय, सोलकडे (क्लबच्या तळाकडे) कोणाचं लक्षच नाही. फरगिव्हिंग आयर्नचा तळ रुंद असतो. मऊ गवतात तो रुतत नाही, सरकतो, तिथे फायदाच आहे. पण एप्रिल-मे मध्ये आपली काळी माती भेगाळून दगडासारखी होते. पडीक वावरात सराव करायला जाल तर रुंद सोल जमिनीवर उसळतो, पुढची धार चेंडूच्या पोटात लागते आणि चेंडू सापासारखा जमिनीलगत सरपटतो.
मॅटचं उलटं. चेंडूच्या दोन इंच मागे आपटलं तरी क्लब घसरत पुढे जातो, फटका झकास वाटतो. पहिल्यांदा खऱ्या गवतावर गेलं की कळतं, सगळे फटके फॅट (चेंडूआधी जमिनीला लागलेले) होते. चूक झाकणारं काही असेल तर ती मॅट, आयर्न नव्हे.

भुसावळ_लाइन:
मॅटबद्दल शंभर टक्के सहमत. लॉफ्टचा मुद्दा मात्र तसाच राहिला.

नंदुरबार_एक्सप्रेस:
लॉफ्टचा फटका खिशालाही बसतो. ७ नंबर २९ अंशांचा केला की पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब) ४३ वर येतो. सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा) ५६. मधे १३ अंशांची दरी, म्हणजे नेमकं ग्रीनजवळ (भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळ) हातात द्यायला क्लबच नाही. मग ४९-५० चा गॅप वेज वेगळा घ्या. दुकानदार सेट विकताना हे क्वचितच सांगतो. घेण्याआधी प्रत्येक क्लबचा अंश लिहून घ्या, नंबरवर जाऊ नका.
शाफ्टचं (दांडीचं) तर कोणी नावच काढलं नाही. मध्यम वेगाने क्लब फिरवणाऱ्या माणसाला मित्राने दिला म्हणून स्टिफ (कमी वाकणारा) स्टील वापरायचा असेल, तर डोकं कितीही फरगिव्हिंग असलं तरी चेंडू उचलायला कष्टच पडणार. रेग्युलर (जरा लवचिक) घ्या, कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट. आणि उन्हाळ्यात बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने ग्रिप कडक होऊन घसरायला लागतात.

तापीकाठ:
हे मान्य. मग माझं म्हणणं जरा नेमकं करतो: कॅव्हिटी बॅक, पण ७ नंबर ३१-३२ अंशांचा आणि सोल मध्यम. असे सेट मिळतात, जुन्या बाजारातही.

भुसावळ_लाइन:
हां, आता बोललात! एवढ्यावर मी ब्लेडचा हट्ट सोडतो, पण ८ आणि त्याहून लहान नंबरांपुरताच. वेज मात्र ब्लेडचेच.

पांझराकाठचा_भाऊ:
आणि ४ नंबर आयर्न? त्याच्या जागी हायब्रिड (जाड डोक्याचा, चेंडू सहज उचलणारा क्लब) घ्या, यावर तरी भांडू नका.

भुसावळ_लाइन:
का नाही? ४ नंबर मी सोडणार नाही.